मिलिंदच्या बोटाची सवय

मिलिंद गेला त्या दिवशी मी नागपुरात होतो. त्याच्या बायकोचा, वैशालीवहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुमचा दोस्त गेला…" एवढंच बोलल्या. मिळेल त्या बसनं पुलगावला उतरलो, तर चौकात फ्लेक्स लागलेलासुद्धा होता. 'थोर संशोधक, पेटंटधारक, नाचणगावचे सुपुत्र'. खाली मिलिंदपेक्षा मोठा फोटो भाऊसाहेबांचा, हात जोडलेला. हे आमच्या भागातल्या एका मंडळाचे कायमचे अध्यक्ष. मेल्या म्हशीला मणभर दूध, हे ठाऊक होतं. पण पेटंटधारक? ज्या पेटंटसाठी मिलिंदनं वर्षानुवर्षं जीव आटवला, ते त्याला मिळालंच नाही. आणि का मिळालं नाही, हे भाऊसाहेबांइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार! मला रडू यायला हवं होतं, संताप आला. महिना उलटला तरी तो उतरलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

वर्ध्याला कॉलेजात असताना आम्ही नालवाडीत एका खोलीत राहायचो. मी मास्तर झालो, तो सॉफ्टवेअरमध्ये गेला, पुण्याची नोकरी करून परत आला आणि नाचणगावच्या घरूनच काम करू लागला. त्याची आई मोबाईल हातात घ्यायची आणि हमखास भलतंच बटण दाबायची. "हे मशीन माह्यं आयकतच नाई," म्हणून चिडायची. आम्ही हसायचो, मिलिंद नुसता बघत बसायचा. त्याच्या ध्यानात आलं की तिचं बोट चुकतं, पण दर वेळी एकाच बाजूला, बटणाच्या जरासं खाली. "अबे, हे चूक नाई, सवय हाये," तो मला म्हणाला. "मंग माणसानं काऊन बदलाचं? पडद्यानं बदलावं." त्यानं तसा प्रोग्राम लिहिला. वापरणाऱ्याचं बोट कुठं चुकतं ते बघत तो शिकायचा, बटणं सरकवायचा, मोठी करायचा, नको ती लपवायचा, तेही स्वस्तातल्या फोनवर, इंटरनेटशिवाय. थोड्याच दिवसांत म्हातारी कोणाला न विचारता भावाला फोन लावू लागली.

आमच्याकडे कोणी काही केलं की सत्कार हा होतोच. बदली झाली, सत्कार. बदली रद्द झाली, पुन्हा सत्कार. भाऊसाहेबांच्या मंडळानं मिलिंदचाही ठरवला. नागपूरच्या वकिलांकडे पेटंटचा अर्ज जवळजवळ तयार होता आणि तो दाखल होईपर्यंत तोंड उघडू नका, असं त्यांनी बजावलं होतं. मिलिंदनं भाऊसाहेबांना तसं सांगितलंही. "अरे, मंडप सांगून झाला, पाव्हणे येऊन राह्यले," ते म्हणाले. "अन् आपल्याच लोकायपासून काय लपवतं बाबू?" त्या 'आपल्याच' शब्दापुढं तो विरघळला. शाल-श्रीफळ झालं, मग भाऊसाहेबांनी त्याला फळ्यापाशी उभं केलं. तो समजावून सांगायला लागला की थांबायचा नाही. प्रोग्राम चूक कशी मोजतो, त्यातून काय शिकतो, बटण किती सरकवतो, सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. मंडळानं व्हिडिओ त्याच संध्याकाळी इंटरनेटवर टाकला.

पुढं पेटंटच्या तपासणीत पहिला आक्षेप आला की हा तर नुसता संगणकाचा प्रोग्राम आहे, आणि नुसत्या प्रोग्रामला आपल्या कायद्यात पेटंट नाही. मिलिंद जिद्दीनं लढला. फोनचा पडदाच कसा वेगळा वागू लागतो, चुका कशा घटतात, हे त्यानं मोजून दाखवलं, आणि तो आक्षेप मागे पडला. पण दुसरा होता. अर्जाच्या आधीच ही रीत जगजाहीर झाली आहे, आणि पुरावा म्हणून जोडला होता सत्काराचा व्हिडिओ. सुनावणी ऑनलाइन झाली, मी शेजारी बसलो होतो. वकिलांनी पढवलं होतं, मी वरवरचंच बोललो होतो असं सांगा. परीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, "यात तुम्ही पूर्ण पद्धत सांगितली आहे का?" मिलिंद म्हणाला, "हो. पूर्ण सांगितली." अर्ज फेटाळला गेला. मी भडकलो, तर म्हणतो, "त्या बाईचं काय चुकलं बे? म्या चांगलं समजावून सांगतलं होतं. आता कच्चं सांगतलं म्हनू?" त्या बाईंचं खरंच काही चुकलं नाही, आणि म्हणूनच मला राग काढायला जागा नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

वर्षभरात कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या ॲपमध्ये हीच युक्ती आली. त्यांना मनाई कोण करणार! मिलिंदनं मला ते उघडून दाखवलं. "माह्यंच हाये, पन माह्यं नाई," म्हणाला आणि हसला. ते हसू मला अजून सोसत नाही. मग त्याला कॅन्सर निघाला. औषधांनी त्याच्या बोटांची टोकं बधिर झाली, चहाचा कपसुद्धा निसटायचा. पण फोन त्याला शेवटपर्यंत वापरता आला, कारण त्यात त्याचाच प्रोग्राम होता. बोटं जशी हुकत गेली तशी बटणं मोठी होत गेली आणि कमी होत गेली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भाऊसाहेब आले, 'आमच्या मिलिंदचं पेटंट' म्हणून बोलले, आणि मग वैशालीवहिनींपुढं हात पसरला. "सूनबाई, त्याचा फोन दे. लोकायले दाखवतो, कसं चालते ते."

विहारात सगळे बघत होते. वहिनींनी फोन पदराखाली घेतला.

"नाई," त्या म्हणाल्या. "तुमचं बोट लागलं का हा फोन तुमचं बोट शिकीन. अन् त्याचं इसरून जाईन."

परवा मी गेलो तेव्हा त्या फोन चार्जिंगला लावत होत्या. पडद्यावर तीनच बटणं होती, मोठाली, एका कडेला सरकलेली. वहिनींनी फोन दोन्ही कडांना धरला होता, पडद्याला बोट लागू न देता.