तबक यायच्या आत

भवानी पेठेत चिंतामणराव शेळगीकरांना सगळे 'वकीलसाहेब' म्हणायचे. आता वकील म्हटलं की तुम्हाला काळा डगला नि कोर्ट दिसणार. तसला वकील नव्हे हो! शिरगुंडी संस्थानचा वकील. राजेसाहेबांच्या वतीने सोलापुरात राहायचं, सरकारच्या गोऱ्या साहेबाकडे जायचं-यायचं, राजाचा शब्द त्याच्या कानी घालायचा आणि त्याचा शब्द राजाच्या गळी उतरवायचा. उभी हयात त्यातच गेली. राजेसाहेब तापून म्हणाले, "सांग त्या माकडाला, माझ्या शिकारीच्या रानात पाय ठेवलास तर तंगडं मोडीन," की चिंतामणराव साहेबापुढे अदबीने म्हणणार, "महाराजांना आपल्या प्रकृतीची काळजी वाटते. रानात वाट फार वाईट आहे." साहेब खूश, राजा खूश, रान शाबूत. असला गोडबोल्या माणूस!

त्यांची एक रीत होती. काम आधी काढायचंच नाही. आधी खुशाली, मग पाऊसपाणी, मग मडमेची तब्येत. साहेब जरा सैलावला, की आत्ताच आठवल्यासारखं करून काम सांगायचं. मात्र अत्तर-विड्याचं तबक यायच्या आत. कारण दंडकच होता तसा: साहेबाने हाताला अत्तर लावून विडा दिला की भेट संपली. विडा हाती घेतल्यावर जो तोंड उघडेल तो गावंढळ. चिंतामणरावांना तबकाने कधी गाठलं नव्हतं. याचा त्यांना कोण अभिमान!

नोकरी सुटली, तबकही सुटलं. पेन्शनीत निघालेल्या वकिलाला कोण अत्तर लावतो? हे दुःख त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही, पण गोदावरीबाईंना का कळत नव्हतं! दसऱ्याला ते जुना अंगरखा काढून उन्हात घालायचे आणि उगाच तासभर त्याच्याजवळ बसायचे.

तीस साली सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि त्यांचा एकुलता एक नंदू पकडला गेला. शाळामास्तर पोरगं, तिरंगा घेऊन रस्त्यावर उभं राहिलं, एवढाच गुन्हा. सक्तमजुरी झाली. लहानपणापासून दमेकरी. चुलीचा धूर लागला तरी रात्रभर उशाला टेकून बसायचा. तो खडी फोडणार! दुपारच्या गाडीने त्याला पुण्याच्या तुरुंगात नेणार, असं सकाळी कळलं आणि गोदावरीबाईंनी नवऱ्याचे पायच धरले. "अहो, तुम्ही राजांची कामं केलीत. आता घरचं एक करा."

बडा साहेब ओळखीचाच होता. कोवळा अधिकारी म्हणून सोलापुरात आला, तेव्हा दरबारी रीतभात त्याला चिंतामणरावांनीच शिकवली होती. त्याच्या एका शब्दाने नंदू सुटला असता. निदान इथल्या दवाखान्यात राहिला असता. चिंतामणरावांनी अंगरखा चढवला, पागोटं बांधलं. दोघं टांग्याने निघाले. गोदावरीबाई बंगल्याच्या व्हरांड्यात थांबल्या, ते आत गेले.

साहेब उठून उभा राहिला. खुर्ची दिली. आणि चिंतामणरावांनी काय करावं? खुशाली विचारली! डोळ्यांपुढे नंदू, तोंडाने मात्र पाऊसपाणी. औंदा ऊन फार. मेमसाहेब महाबळेश्वरी का? स्वतःचीच चीड येत होती त्यांना, पण दुसरं बोलताच येईना. जीभच तशी वळलेली. आता सांगू, एवढं वाक्य संपलं की सांगू, असं करत ते मडमेच्या घोड्यापर्यंत आले आणि साहेबाने टाळी वाजवली.

तबक आलं. अत्तरदाणी, चांदीच्या वर्खाचा विडा. साहेब स्वतः पुढे झाला, हाताला अत्तर लावलं. किती वर्षांनी तो वास! चिंतामणरावांचा हात आपोआप पुढे गेला, ते उठले, लवून मुजरा केला आणि पाठ न दाखवता दारापर्यंत मागे सरले. दाराबाहेर आल्यावर त्यांना भान आलं. नको असलेल्या माणसासाठी तबक लवकर मागवावं, कुणाचं मन दुखत नाही, हे त्यांनीच साहेबाला शिकवलं होतं.

"बोललात?" गोदावरीबाई धावत आल्या.

"साहेबांनी... फार मान राखला."

त्यांच्या हातातल्या विड्याकडे बाईंचं लक्ष गेलं. "मान? जळो तो मान! माझं पोर कुठाय?"

चिंतामणराव गर्रकन वळले. दारात निंगप्पा पट्टेवाला आडवा झाला. बिचाऱ्याने हात जोडले. "रावसाहेब, इडा घेतलासा की. आता आत सोडता येत न्हाय. ह्यो दंडक तुमीच सांगितलेला."

"सोड मला!" त्यांनी विडा फेकला आणि आयुष्यात पहिल्यांदा बंद दारावर मूठ आपटली. "साहेब! माझ्या पोराला दमा आहे! तो मरेल हो तिथं! पाया पडतो, सोडा त्याला!" पागोटं सुटून गळ्यात आलं. बंगल्याच्या मागच्या अंगाला मोटार सुरू झाली आणि फाटकाबाहेर निघून गेली.

"हे आत बोलायचं होतं हो," गोदावरीबाई म्हणाल्या, आणि तिथेच पायरीवर बसल्या.

नंदू दुपारच्या गाडीने गेला. दिवाळीच्या आधी तुरुंगातच त्याचा दम कोंडला तो कायमचा. चिंतामणराव पुढे बरीच वर्षं जगले. दाराशी कुणी आलं, चप्पल काढून "काय वकीलसाहेब, बरं आहे ना?" म्हणालं, की ते खाटेवरून ताडकन उठायचे. "काम बोला! आधी काम बोला, मेल्यांनो!" असं ओरडता ओरडता रडू लागायचे. पेठेतली माणसं चांगली. कुणी हसत नसे. दारातूनच घाईघाईने म्हणत, "ताक न्यायला आलो होतो, वकीलसाहेब."