दिवाळसणाची गोधडी

एका जागी स्वस्थ बसणं मला कधी जमलं नाही, आणि पोटापाण्याला धंदा धरला तो गोधड्या शिवण्याचा. आळेफाट्यापासून आत आमचं गाव. तिथल्या चार-पाच गावांत बायका मला सणाच्या गोधड्यांची म्हणूनच ओळखतात. पोळ्याच्या गोधडीवर मधोमध लाल खणाची बैलजोडी, संक्रांतीच्या गोधडीवर पतंग, गुढीपाडव्याच्या गोधडीवर गुढी. नागपंचमीची एकदाच केली. ती एका बाईंनी चार दिवसांत परत आणून टाकली, कारण त्यांचं पोरगं नागावर झोपायला तयार होईना. सगळ्यात जास्त मागणी दिवाळीच्या गोधडीला असते. मधे आकाशकंदील आणि कडेनं पणत्यांची रांग.

कापडं ज्याची त्यानं आणायची. जुन्या साड्या, विरलेली धोतरं, काय असेल ते गाठोडं बांधून बायका माझ्याकडं टाकून जातात. सासरहून बाई गाठोडं घेऊन निघाली तर एरवी दहा जण विचारतील, कुठं चालली म्हणून. गोधडीला कापड नेते म्हटलं की कुणी विचारत नाही.

माझी लेक त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी असं गाठोडं घेऊन आली. तिची लग्नानंतरची पहिली दिवाळी. पाडव्याला जावई दिवाळसणाला यायचे होते आणि भाऊबीज झाली की तिला घेऊन मंचरकडं परत जायचे होते. दोघांसाठी मोठी गोधडी करून द्यायची असं मी केव्हाच ठरवलं होतं. गाठोडं ओट्यावर ठेवून ती म्हणाली, गोधडीला आणलंय. मला बरं वाटलं. म्हटलं, पोरीला आईच्या कामाची जाण आहे.

दुसऱ्या दिवशी ती भांडी घासायला मागच्या दारी गेली तेव्हा मी गाठोडं सोडलं. पहिली साडी घेतली, काठाला कात्रीनं चीर दिली आणि आडवी फाडली. दुसरी फाडली. तिसरी हातात घेतली तेव्हा बोटांना फॉल लागला, अजून कडक, दुकानातल्यासारखा. साडीला घडीच्या रेघासुद्धा पडल्या नव्हत्या. मग मी खाली बघितलं. आणखी दोन साड्या, दोन सलवार-कुडते, एक टॉवेल आणि तिचा कॉलेजातला निळा स्वेटर. टॉवेल आणि स्वेटर गोधडीत कोण घालतं? पोरगी स्वतःचे सगळे कपडे बांधून घेऊन आली होती.

त्या क्षणी मला सगळं कळलं. तिला परत जायचं नव्हतं. आणि मला काय झालं कोण जाणे, मी तिसरी साडी फाडली. चौथी फाडली. पाचवीही फाडली. कुडते, टॉवेल आणि स्वेटर तेवढे कपाटात कोंबले. ती भांड्यांची पाटी घेऊन आत आली, खाली पडलेल्या कापडांकडं तिनं बघितलं आणि पाटी खाली ठेवली. मी विचारलं, सुई ओवून देतेस का. तिनं दिली.

गोधडी शिवायची आमची पद्धत अशी, की जमिनीवर थर अंथरायचे आणि चारी कडांनी टाके घालत आत आत यायचं. दोघी असल्या की समोरासमोर बसायचं. पहिल्या दिवशी मधे अख्खी गोधडी असते, म्हणून मोठ्यानं बोलावं लागतं. रोज काही फेरे पुरे होतात तसं शिवलेल्या भागावर सरकत पुढं यायचं. शेवटच्या दिवशी मधे हातभर जागा उरते आणि दोघींचे गुडघे एकमेकींना लागतात.

मी त्या दिवसांत किती वेळा उठले असेन त्याला गणती नाही. चहा टाकायला उठायची आणि चुलीपाशी गेल्यावर कशाला आले तेच आठवायचं नाही. कांद्याची रोपं बघून यायची. कुत्रं भुंकलं की दारात. कधी उसाकडं बघत उभी राहायची, जणू बिबट्याला हाकलायला मीच लागते. परत बसले की टाके वाकडे. तिचे मात्र शाळेच्या वहीतल्या ओळीसारखे सरळ. मला त्या सरळ टाक्यांचा राग यायचा. भांडली असती तर मी भांडले असते, भांडणात मला कोण हरवतंय. पण ती खाली मान घालून शिवायची आणि मी पुन्हा उठायची.

माझ्या घरधन्याला यातलं काही माहीत नव्हतं. ह्यांनी जावयांसाठी घड्याळ आणून ठेवलं होतं आणि दिवसातून दोनदा डबी उघडून बघत होते. वसुबारसेच्या सकाळी जावयांचा फोन आला. पाडव्याला येतो म्हणाले. ह्यांनी फोन स्पीकरवर टाकला होता. बोलून झाल्यावर हे म्हणाले, लेकीला देऊ का? तिकडून उत्तर आलं, नको, घाईत आहे. हे हसले आणि रानात गेले. लेकीची सुई मधेच थांबली होती. मी ते बघितलं आणि पणतीच्या वातीचा तुकडा उसवून पुन्हा लावला, काही कारण नसताना.

धनत्रयोदशीला मधला चौकोन तेवढा राहिला. आकाशकंदिलाची पिवळी झालर आणि त्याभोवती चार फेरे. आमचे गुडघे एकमेकींना टेकले. आता उठायचं तर तिला सरकवून उठावं लागलं असतं. मी विचारलं, मारतो का गं?

"मारत न्हाई," ती म्हणाली. "बोलतच न्हाई. मी नोकरी करू का इचारलं तवापासनं. तीन म्हैने झालं. ताट वाढलं तरी त्याच्या आईला सांगतो, मीठ दे. मी समोर बसलेली असते."

तेव्हाही मी जे बोलायला नको तेच बोलले. म्हटलं, बोलेल. नवीन आहे. मारत तर नाही ना. जगात किती जणींना यापेक्षा वाईट सोसावं लागतं वगैरे, जे आपण सगळ्या म्हणतो ते. तिनं ऐकून घेतलं. दोन टाके घातले. मग मान वर करून माझ्या डोळ्यांत बघितलं.

"आई, साड्या फाडताना तुला कळलं न्हाई व्हय?"

खोटं बोलायला सोपं होतं. हातभर अंतरावर तिचा चेहरा होता, वाळलेला, गालाची हाडं वर आलेली, आणि दसऱ्यापासून मी तो नीट बघितलाच नव्हता.

"पयल्या दोन फाडताना न्हाई कळलं," मी म्हणाले. "तिसरीला कळलं व्हतं."

"मग पुढच्या का फाडल्या?"

"तू परत जावीस म्हनून."

ती रडली नाही. सुई कापडात टोचून ठेवली आणि हात मांडीवर घेतले. मला वाटलं, आता ही माझ्याशी बोलायची बंद होईल, आणि त्या घरात तिला रोज काय होत असेल ते मला तेव्हा कुठं कळलं. मी उठले. ह्यांना रानातून बोलावून आणलं आणि त्यांच्यासमोर जावयांना फोन लावला. म्हटलं, पावणं, पाडव्याला येऊ नका, लेक आता इथंच राहणार. जावयांनी काही न विचारता फोन ठेवून दिला. हे घड्याळाची डबी हातात घेऊन खाली बसले.

पाडव्याला तिला नेसायला साडी नव्हती. माझीच नेसली. शेजारणी फराळाची ताटं घेऊन आल्या, जावई कुठं दिसत नाहीत म्हणाल्या. जे होतं ते मी सांगून टाकलं. पुढं वर्षभर लोकांनी मला बरंच ऐकवलं, त्याचं काही वाटलं नाही. लेक आता नारायणगावात एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते, संध्याकाळच्या एसटीनं घरी येते. माझ्याशी हसते, बोलते. त्या नागाच्या गोधडीवरून चिडवतेसुद्धा.

पण शेवटच्या तीन साड्यांचा विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही. एकदा काढावा, मला चार शब्द तोडून बोलावं, म्हणून मी तिच्या मागं मागं घरभर फिरत असते. ती म्हणते, आई, जरा बस की. मी बसते, आणि परत उठते.