फुलीखालचे मामा

आरोग्याच्या आकड्यांवर फुल्या मारणं हे तिचं काम. सरकारी सांख्यिकी कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर, गळक्या एसीखाली ती बसायची. एखाद्या गावात एखाद्या आजाराचे रुग्ण पाचपेक्षा कमी असले, की आकडा काढून तिथे फुली. नाहीतर रोगी कोण ते अख्ख्या गावाला कळायचं. एकूण बेरजेतून वजाबाकी करून कुणी ओळखू नये म्हणून शेजारच्या गावालाही फुली. बावीस वर्षांत तिच्या तोंडून एकाही रुग्णाचं नाव फुटलं नव्हतं. सवय इतकी, की नवऱ्याने विचारलं, "जेवायला कितीजण?" तर ही म्हणे, "पाचपेक्षा कमी."

एका वर्षी तिच्या मामांची नखं पिवळी पडून वाढायचीच थांबली. मामा चपलांच्या दुकानात विक्रेते. डॉक्टर म्हणाले, असा रुग्ण लाखात एखादा. मामांची छाती फुगली. अहवाल छापून येताच ते थेट तिच्या टेबलापाशी हजर.

"यात मी कुठाय?"

"मामा, ते मला सांगता येत नाही."

"अगं, माझाच आजार मलाच सांगता येत नाही?"

"तुम्ही माझे मामा आहात, एवढं मान्य करते."

"ही फुली म्हणजे मीच ना?" मामा असे ओरडले, की सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. तिने घाईघाईने अहवाल मिटला.

"पाच झाले की छापाल?" मामांनी विचारलं.

"नियम तसा आहे."

मामा कामाला लागले. गिऱ्हाइकाच्या पायात चप्पल चढवताना नखं निरखायची, पिवळी दिसली की हळूच दवाखान्याचा पत्ता द्यायचा. वर्षभरात गावातलेच आणखी चौघे निघाले. या आजारात फुप्फुसाभोवती पाणीही साठतं; त्यातल्या एका बाईंचं ते वेळेत कळलं, त्या वाचल्या.

पुढच्या अहवालात तिने स्वतःच्या हाताने फुली खोडून पाच लिहिलं. मामांनी पान पाहिलं आणि तोंड पाडलं.

"पाच? म्हणजे मी एकटा नाहीच."

"अहो, तुम्हीच शोधलेत ना!"

"ते वेगळं," म्हणून मामा आठवडाभर रुसले.

मग एके दुपारी त्या वाचलेल्या बाई दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि पाय पुढे केला. अंगठ्याच्या नखाला गुलाबी कड फुटली होती. संध्याकाळी भाची दुकानात पोहोचली, तर मामा येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून त्या नखाची हकीकत सांगत होते. तिने त्यांना दटावून गप्प केलं, आणि आलीच आहे म्हणून नको असलेल्या चपला घेऊन घरी गेली.