तळ्याची दुसरी बाजू

नव्या गावात पाऊल टाकलं की माझी बायको पार्वती आधी तळं विचारायची, घर मागून. आमची वरात कल्याणहून ठाण्याला आली, तेव्हा मासुंदा तळं दिसताच नवरी गाडीतून उतरून पाय धुवायला बसली. वाजंत्री खोळंबले. माझी आई म्हणाली, "सून आणली की बदक?" ही पदराआडून म्हणाली, "पाय धुतले की गाव आपलं." आई तिथेच हसली आणि जन्मभर सुनेच्या बाजूची झाली. माझं कोणी उरलं नाही.

तळ्याभोवती फिरण्याचीही तिची रीत होती. शंकराला पुरी प्रदक्षिणा घालत नाहीत. पिंडीवरचं पाणी वाहून जातं ती पन्हळ ओलांडायची नाही, तिथून मागे फिरायचं आणि मग दुसऱ्या अंगाने पन्हळीपर्यंत यायचं. मासुंद्याच्या काठी महादेवाचं देऊळ, म्हणून हिने तळ्यालाच पिंडी ठरवलं. तळ्याचं पाणी जिथून बाहेर जातं ती पन्हळ. समजावून उपयोग नव्हता. मी सुतार माणूस, लाकडाशी भांडावं, हिच्याशी नाही.

पुढे रंगूनला सागवानाच्या गिरणीत काम मिळालं म्हणून तिला घेऊन बोटीत बसलो. समुद्र ओलांडला, आता माहेरी पंगतीला कोण बसवील, हेच तिच्या डोक्यात. रंगूनला उतरली आणि तळं विचारलं नाही. खोलीबाहेर पडेना, हसेना. शेवटी म्हणाली, पुढच्या बोटीने मला ठाण्याला पाठवा. मी हो म्हटलं. नाही म्हणून काय करणार होतो? पण तिच्यावाचून त्या मुलखात मी एक दिवस काढला नसता.

सुटीच्या दिवशी दुपारी तिला ओढूनच मोठ्या तळ्यावर नेलं. तिने आधी पाय धुतले. मग चालू लागली. झाडं दाट, पाणी हिरवं, पलीकडे सोनेरी कळसाचं देऊळ उन्हात झळकत होतं. काठावर एक ब्रह्मदेशी म्हातारी फुलं विकत बसली होती. अंबाड्यात फूल आणि तोंडात मनगटाएवढी विडी. पार्वती बघतच राहिली. म्हातारीने एक फूल पार्वतीच्या केसात खोचलं आणि धूर सोडला. बोटीत बसल्यापासून न हसलेली माझी बायको खोकत खोकत हसली. मला म्हणाली, "सासूबाई इथे असत्या तर त्यांनीही एक मागितली असती."

पुढे पाणी बाहेर सोडणारा ओहोळ लागला. वर चांगली फळी टाकलेली. मी ओलांडली. ही उभी.

"अगं, हे महादेवाचं नाही."

"तुम्हाला विचारून आला का तो इथे?"

आल्या वाटेने सगळं तळं परत चाललो. माझे पाय मोडले, तिचे नाचत होते. घराशी आल्यावर म्हणाली, "दुसरी बाजू राहिली. ती केल्याशिवाय बोटीत पाय कसा ठेवू?"

मला काय कळायचं ते कळलं. मग मीच कधीतरी चिडवायचो, चल, दुसरी बाजू उरकून टाकू. त्या दिवशी नेमका तिचा गुडघा दुखायचा. अशी वर्षं गेली. माझं काम सुटलं आणि परतायचं ठरलं, तेव्हा आदल्या दुपारी आम्ही जाऊन ती बाजू पुरी केली. माहेरच्यांनी पंगतीला बसवलं, वर विडीवाल्या म्हातारीची गोष्ट चारदा सांगायला लावली.

गेल्या माघात ती गेली. शेवटी शेवटी मी रागाने म्हटलं, मला कोणाच्या भरवशावर टाकून चाललीस? ती म्हणाली, "मासुंद्याची एक बाजू उद्यावर ठेवत जा."

आता रोज दुपारी मासुंद्यावर पाय धुतो, पाणी बाहेर पडतं तिथवर चालतो आणि मागे फिरतो. लोक म्हणतात, म्हातारबा, पलीकडे बरी सावली आहे.

असू दे. ती उद्याची आहे.