वेशभूषेच्या खात्यातला चष्मा

गेल्या डिसेंबरातला पहिला रविवार. मंजूर रक्कम दोन हजार रुपये. हजर: सोसायटीचे अध्यक्ष, खजिनदार म्हणून मी आणि इमारतीतली चार मुलं, त्यात माझी मुलगी. कारण: सोसायटीच्या स्नेहसंमेलनात दाखवायला मुलांना मोबाइलवर एक छोटा सिनेमा काढायचा होता. शुक्रवार पेठेत आमची सोळा फ्लॅटची इमारत आहे. दरवर्षी संमेलनाला संगीतखुर्ची असते आणि दरवर्षी तीच एक वहिनी जिंकते. त्यामुळे सिनेमाला कुणाचा विरोध नव्हता.

दिग्दर्शक तिसऱ्या मजल्यावरचा. घरी तेलुगू बोलतो, आमच्याशी मराठी, आणि मोबाइल हातात असला की हुकूम सोडतो. त्याने कथा सांगितली. शाळेत एक साधी, चष्मिस, हुशार मुलगी. एक नकचढी सुंदर मुलगी. एक खेळात पुढे असलेला मुलगा, ज्याच्याकडे सगळ्या बघतात. शेवटी पार्टी.

"आणि मी?" मी विचारलं.

"काका, तुम्ही हिरॉईनचे बाबा. तुम्हाला काही कळत नाही."

"अभिनय काय करायचा?"

"काहीच नाही. नेहमीसारखं बसा."

असे सिनेमे मी मुलीबरोबर पुष्कळ पाहिलेत. दहावीतली मुलं म्हणून ज्यांना दाखवतात त्यांना दाढी असते. वर्षभरात एकही परीक्षा होत नाही. पहाटे कुणी क्लासला जात नाही, कुणाच्या दप्तरात डबा नसतो. नकचढ्या मुलीच्या मागे दोघी चालतात, त्यांना स्वतःचं काही काम नसतं. आणि बरीचशी कथा लॉकरपाशी घडते. आमच्याकडे लॉकर कुठून आणायचे? मुलांनी पार्किंगमधल्या सोळा टपालपेट्यांचे लॉकर केले. पहिल्याच दृश्यात माझ्या मुलीने ऐटीत पेटी उघडली. आत पुस्तक मावेना म्हणून ते तिरकं कोंबलेलं होतं. पुस्तकाबरोबर कुणाचं तरी वीजबिल खाली पडलं. दिग्दर्शकाने ते दृश्य तसंच ठेवलं. बिल मी त्या फ्लॅटवर पोचवलं.

हिरो म्हणजे अध्यक्षांचा नातू. मूळ अकलूजचा, इथे कॉलेजसाठी आजोबांकडे राहतो. नकचढी झालेली मुलगी आमच्या शेजारची. एरवी इतकी मवाळ की दुधवाल्याला उशीर झाला तर त्यालाच सॉरी म्हणते.

माझ्या मुलीच्या दृष्टीने मात्र हा खेळ नव्हता. शाळेच्या प्रत्येक गॅदरिंगला ती निवेदिका असायची, नाहीतर हिरॉईनची मैत्रीण. एकदा झाड. हिरॉईन ती पहिल्यांदाच झाली होती. आठवडाभर आमच्या बाथरूममधून संवाद ऐकू येत होते.

अडचण शेवटच्या दृश्यात आली. "पार्टीत तू जिन्यावरून येतेस," दिग्दर्शक म्हणाला. "केस मोकळे. चष्मा नाही. सगळे बघत राहतात."

"चष्मा का नाही?" तिने विचारलं.

"नियम आहे. चष्मा जातो आणि मुलगी सुंदर दिसते."

"मला उणे साडेपाच नंबर आहे."

"दोन मिनिटांचा तर सीन आहे. नाहीतर मग रोल बदलू. ती हिरॉईन, तू मैत्रीण."

मुलीने चष्मा काढला. सांभाळायला हिरोकडे दिला, त्याने तो मागच्या खिशात ठेवला.

पार्किंगमध्ये मागे पडदा म्हणून एक मोठी चादर दोरीवर टाकली होती. निळी, हिरोच्या भाड्याच्या जाकिटासारखी. मुलगी जिन्यावरून खरोखर डौलात उतरली. कठड्याला हात होता म्हणून ठीक. मग ती सरळ हिरोच्या शेजारून पुढे गेली, चादरीसमोर थांबली, मान किंचित तिरकी केली आणि म्हणाली, "आता ओळखलंस?"

चादर वाऱ्याने हलली.

"अगं, मी हितं हाय की," मागून हिरो म्हणाला.

हसून हसून सगळे वाकले. ती स्वतःही हसली. हिरो तर हसता हसता मागच्या पायरीवर बसला आणि कट्ट असा आवाज आला. चष्म्याची डावी काडी मोडली होती.

तिचं हसू तिथेच थांबलं. "काका, लई चुकलं माझं," तो मला म्हणाला.

"मला काय सांगतोस, तिला सांग."

त्याने तिला सांगितलं. ती "असू दे" म्हणाली आणि कठडा धरून वर गेली.

घरी तिच्या आईने चहा दिला. मी म्हणालो, "मैत्रीण झालीस तर काय बिघडेल?"

"मला चष्मा लावूनच हिरॉईन व्हायचंय, बाबा. मी अशीच दिसते."

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडून काडी बदलून आणली. एकशेवीस रुपये, मी माझ्या खिशातून दिले.

मुलगी चष्मा लावूनच शूटिंगला खाली आल्यावर दिग्दर्शकाने शेजारच्या मुलीला हिरॉईन व्हायला सांगितलं. ती म्हणाली, "नको रे. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी ओरडायला मिळतंय." मग माझी मुलगी म्हणाली, "एकदा मला माझ्या पद्धतीने करू दे. नाही आवडलं तर मी झाड होते."

"असं कुठल्याच पिक्चरमध्ये नसतं," दिग्दर्शक कुरकुरला, पण त्याने मोबाइल धरला.

संमेलनाला गच्चीवर पडदा लावला. टपालपेट्या दिसल्या तेव्हा लोक आपापला नंबर ओळखून ओरडू लागले. मी पडद्यावर वर्तमानपत्र वाचत होतो. बरा वाटलो. मग जिना आला. मुलगी उतरली आणि हिरोसमोर थांबली. तिने चष्म्याला हात घातला. माझ्या पुढे बसलेल्या अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या, "काढला बाई चष्मा. आता बघा."

पडद्यावर मुलीने काचांवर फुंकर मारली, ओढणीने पुसल्या, चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि हिरोला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहिलं.

"अरे, तू असा दिसतोस होय," ती म्हणाली आणि वडापाव घ्यायला गेली.

गच्चीवर जो हशा उठला त्यात सगळ्यात मोठा आवाज अकलूजच्या हिरोचाच होता. "परत लावा" म्हणून लोक बसून राहिले. तो शेवट तीनदा दाखवावा लागला. तिसऱ्यांदा मी पडद्याकडे न बघता मुलीकडे बघत होतो. ती चष्म्याच्या आतून हसत होती.

हिशेब असा. प्रोजेक्टर नऊशे, जाकिटाचं भाडं दोनशे, फुगे आणि झिरमिळ्या दोनशे साठ, चहा-वडापाव पाचशे. एकूण अठराशे साठ, शिल्लक एकशे चाळीस. चष्म्याची पावती मी लावली नव्हती. घरचा खर्च सोसायटीवर टाकायचा नाही, हा माझा नियम. पण मुलांनी ती पावती माझ्या मुलीकडून मागून घेतली आणि थेट अध्यक्षांकडे नेली.

"हिरॉईनचा चष्मा म्हणजे वेशभूषा," अध्यक्ष म्हणाले.

"पण मी माझ्याच घरच्या व्हाउचरवर सही कशी करू?" मी विचारलं.

"तुम्ही नका करू. मी करतो. मोडलाय माझ्याच नातवानं."

एकशेवीस रुपये, वेशभूषा खाते, चष्मेवाल्याच्या पावतीवर, अध्यक्षांच्या सहीने मला मिळाले. मी ते मुलीच्या हातात दिले. उरलेले वीस रुपये सोसायटीच्या खात्यात परत भरले.