विणकर शिकले, सोसायटी तोट्यात

लग्नसराई तोंडावर आली होती आणि आमचे सर्वांत चांगले माग बंद होते. बिघडले नव्हते. विणकर शाळेत गेले होते.

मी तेव्हा वाशीमच्या एका विणकर सोसायटीत मॅनेजर होतो. सोसायटी सूत पुरवायची, सभासद घरी लुगडी विणायचे, आम्ही ती विकायचो. सरकारने गावात ट्रेनिंग सेंटर काढलं. धोटा म्हणजे आडवं सूत नेणारी लाकडी होडी. आमच्या जुन्या मागांवर तो हाताने फेकावा लागे. सेंटरमधल्या नव्या मागावर दोरी ओढली की धोटा आपोआप पळे. काम भराभर होई, वर स्टायपेंड मिळे. सेंटरने चांगले विणकर मागितले, सोसायटीच्या बोर्डाने दिले.

पण तिथे लुगडं कुणी विणतच नव्हतं. टेबलक्लॉथ आणि फुलाफुलांचे पडदे चालले होते. मी सेंटरच्या इन्स्पेक्टरसाहेबांना गाठलं.

"लुगडं कधी शिकवणार?"

"सिलॅबसमध्ये नाही."

"आमच्या बाजारात पडदा चालत नाही, साहेब."

"प्रदर्शनात चालतो. जरा पुढचं बघा."

पुढे मला मानोऱ्याचे शेठ दिसत होते. दरवर्षी आमचीच लुगडी नेणारे. ते येऊन बसले.

"मॅनेजरसाहेब, माल कवा देता?"

"थोडं थांबा."

"लगन थांबते काय? मी मिलचा माल घेऊन राह्यलो."

आणि घेतला. आमचं सूत तसंच पडून राहिलं.

मी सेंटरला रोज खेटे घातले. शेवटी इन्स्पेक्टर वैतागले. म्हणाले, "दुपारनंतर विणा काय विणायचं ते." सेंटरला गेलेल्या आमच्या सखाराम विणकराने नव्या मागावर लुगडं उतरवलं. काठ सरळ, पोत घट्ट, वेळ निम्म्याहून कमी. शेठनी ते बोटांनी चाचपलं. "असा माल देसान त पुढच्या सालापासून तुमचाच घेतो," म्हणाले. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

मग परीक्षा झाली. सखाराम पहिला आला. आठवड्याभरात तो माझ्या टेबलासमोर उभा.

"साहेब, मले सरकारनं मास्तर केलं. यवतमाळकडच्या सेंटरात."

"अरे, नवा माग आपण तुझ्यासाठीच घेणार होतो. काहून चालला?"

"तिथं पगार महिन्याच्या महिन्याले भेटते. तुमच्याकडं लुगडं इकलं तवाच मजुरी. तुमी पगार देता काय? मंग राह्यतो मी."

द्यायला होतं काय? तो पाया पडून गेला. मागोमाग आणखी दोघे अकोल्याच्या मिलमध्ये लागले.

त्या वर्षी सोसायटी तोट्यात गेली. सरकारी रिपोर्टात सेंटर यशस्वी ठरलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, याचाच जास्त संताप येई.

पुढच्या बॅचसाठी पुन्हा चांगले विणकर मागितले गेले. मी बोर्डाला बजावलं, आधी नवे माग बसवा, नियमित मजुरीचं बघा, मग माणसं पाठवा. शिकवायचं काम सरकार करतं. शिकलेल्याला टिकवायचं काम आपलं, आणि त्या कामाला स्टायपेंड नसतो.