रोज फाटकापर्यंत

सिद्रामप्पांची नि माझी पहिली भेट मला शोभणारी नव्हती. गिरणीत जॉबरशी, म्हणजे खात्यातल्या मुकादमाशी, माझी बाचाबाची झाली आणि दुसऱ्या सकाळी पहारेकऱ्याने फाटकातच अडवले, "तुला आत सोडायचं न्हाय, साहेबांचा हुकूम हाय." मी तणतणत युनियनच्या खोलीवर गेलो. तिथले कागदपत्र अप्पा सांभाळत. माझी आरडाओरड त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, "कागद दिला का?"

"न्हाय. तोंडीच सांगितलं."

"मग नोकरी गेली असं तूच कसं ठरवलंस? उद्या पाळीच्या वेळेला डबा घेऊन फाटकावर जा. परवा बी जा."

अप्पा वकील नव्हेत. ते आमच्यासारखेच मागावर उभे राहिलेले. पण आरोपपत्र, चौकशी आणि बाजू मांडण्याची संधी यांवाचून कामगाराला काढता येत नाही, हे त्यांनी शेकडो जणांना समजावले. कोर्टात मालक काय म्हणणार, तेही त्यांना पाठ होते: आम्ही काढलेच नाही, तो आपणहून यायचा थांबला. म्हणून आधी त्यांनी 'मी कामावर यायला तयार आहे' असे रजिस्टर पत्र माझ्याकडून लिहून घेतले. माझे अक्षर पाहून ते असे भडकले, की पत्र तीनदा लिहावे लागले.

मी तीन दिवस फाटकावर गेलो, चौथ्या दिवशी घरीच बसलो. भरला डबा परत आणताना सगळी गल्ली बघायची. बायको तीच भाकरी संध्याकाळी मला वाढे, त्याचीच जास्त लाज वाटे.

पाचव्या सकाळी अप्पा स्वतः दारात हजर झाले. "डबा घे," म्हणाले. फाटकावर पहारेकऱ्याने नेहमीप्रमाणे परतवले. अप्पांनी मला समोरच्या कडुलिंबाखाली बसवले, डबा उघडला आणि शेंगाचटणीबरोबर अर्धी भाकरी स्वतः खाल्ली, अर्धी मला खायला लावली. "आता रिकामा डबा घेऊन घरी जा. लाज डब्याचीच वाटत हुती न्हवं?" त्यानंतर प्रकरण दाखल होईपर्यंत ते रोज माझ्याबरोबर आले. त्यांच्या प्रकृतीला तेव्हाही ऊन सोसत नसे.

कामगार न्यायालयात गिरणीने तेच सांगितले: हा आपणहून गेला. मग पहारेकऱ्याची साक्ष झाली. त्याचीही नोकरी गिरणीतच होती. क्षणभर त्याने गिरणीच्या साहेबांकडे पाहिले आणि म्हणाला, "येत हुता की. रोज. मीच परत धाडायचो. मग त्या अप्पांसंगं लिंबाखाली जेवत बसायचा." मी तिथे ढसाढसा रडलो, हे सांगायला आज संकोच वाटत नाही. मला माझा माग परत मिळाला. तेव्हापासून पाळी सुटली की मी अप्पांच्या हाताखाली अर्ज लिहितो. जिंकलेली प्रकरणे ते विसरतात. वैराग गावच्या एका कामगाराने न वाचता राजीनाम्यावर अंगठा दिला होता, त्याच्या हरलेल्या प्रकरणाचा विषय मात्र अजून काढतात.

आता साठी पूर्ण होताच अप्पा म्हणू लागले आहेत, "बास झालं, दुसरा कोणी बघा." आम्ही राजीनामा लेखी मागितला, तो त्यांनी दिलेला नाही. तोंडी सांगितलेले आम्ही मानत नाही, ही त्यांचीच शिकवण. त्यांना ठणठणीत प्रकृती लाभो आणि शंभरीपर्यंत आमच्यावर असेच ओरडण्याचे बळ मिळो. उद्या सकाळी पाळीच्या आधी त्यांना युनियनच्या खोलीवर न्यायला मी त्यांच्या दारात उभा असेन. डब्यात भाकरी दोघांची आहे.